जेवून निघ

"अबे, ठेव न बोट त्या नकाशावर! दुपारपासून चालूनच राहिला. पाहून पाहून माहे पाय दुखाले लागले लेका."

नितेश हे जीवनच्या कानाशी पुटपुटला. पण खोली एवढीशी, की कानाशी बोललेलं चारही भिंतींनी ऐकावं. त्यातल्याच एका भिंतीला टेकून, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेल्या मंजुषानेही ऐकलं आणि ती हसली. हसायला डॉक्टरची मनाई नव्हती. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुळीत जायचं नाही आणि रडायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं होतं. शेवटचं सांगताना त्याने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. बायांना ते सांगावंच लागतं, असा त्याचा अनुभव असणार.

पन्नाशी गाठली नाही तोच मोतीबिंदू झाला म्हणून अकोल्यात तिचं फार कौतुक झालं होतं. नवरा सहदेव फुलांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बायकोचा डोळा पिकला. शेवंती ओवून ओवून." अमरावतीचा डॉक्टर चांगला असं कुणीतरी म्हणालं, आणि अमरावतीत भाचा होताच. जीवन. तिच्या मोठ्या भावाचा, श्रावणदादाचा एकुलता एक पोरगा. फ्लेक्स छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. नेत्यांचे वाढदिवस आणि गेलेल्यांची भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्ही तोच बनवायचा. फोटो तोच चालतो, चौकट तेवढी बदलते, असं तो सांगायचा आणि स्वतः हसायचा नाही. नितेश त्याचा कॉलेजपासूनचा खोलीतला सोबती. आत्या आली म्हणून दोघांनी खाट तिला दिली होती आणि स्वतः खाली सतरंजीवर आले होते.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक माणूस डोंगराच्या कडेने चालला होता. पाठीवर तलवार, मागे लगाम धरलेला घोडा. खाली दरी, दरीत धुकं, पलीकडे कुठल्याशा पडक्या किल्ल्याचे बुरूज. मंजुषाने उघड्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"घोडा हाये न त्याच्याजोळ. मंग पायी काहून चालून राहिला थो?"

"घोडा दमते आत्या," जीवन म्हणाला.

"दमते म्हने! गेममधला घोडा!" नितेशने कपाळावर हात मारला. "आत्या, तुमीच सांगा याले. हा नकाशा पाहा. यातल्या ज्या गावी आपन एकदा जाऊन आलो न, त्या गावावर बोट ठेवलं की झटक्यात तिथं. डोंगर नाही, नदी नाही, लुटारू नाही. साऱ्या दुनियेतले पोट्टे असेच खेळते. अन् हा एकटा पायी. जसा पालखीमागं निंगाला."

"मंग ठेव न बाप्पा बोट," मंजुषा म्हणाली. "पोरगा म्हनते तर."

"वेळ जाते आत्या."

"झटक्यात पोचते म्हने न हा."

"आपल्याले झटक्यात वाटते." जीवनने पडद्यावरची नजर काढली नाही. "तिथला वेळ जातेच. इथून बोट ठेवलं तवा सकाळ असते, तिथं डोळे उघडते तर संध्याकाळ झालेली. मधचा दिवस गेला कुठी? गेला. आपन नव्हतो त्याच्यात, एवढंच."

मंजुषाला माहेर आठवलं. अकोल्याहून माहेरचा मळा रिक्षाने अर्ध्या तासावर, पण तिचं जाणं सणापुरतं राहिलं होतं. बाकी सगळं फोनवर. वडील, आबाजी, कसे आहेत, तर बरे आहेत. झालं, जाऊन आली.

"अन् थ्या म्हाताऱ्याचं सांग न आत्याले," नितेशने खोड काढली.

"चूप बे."

"आत्या, यात एक म्हातारा शिपाई हाये. डोंगरापल्याडच्या गावात खाटेवर पडला हाये, मराले टेकला. त्यानं याले निरोप धाडला हाये, 'लवकर ये, माह्याजोळ वेळ नाही.' सहा वर्षं झाले! हा तिकडे जातच नाही. साऱ्या दुनियेचे कामं करते, कोनाची हरवलेली बकरी शोधून देते, पन म्हाताऱ्याकडे नाही."

"मेला असंन आतालोक," मंजुषा म्हणाली.

"नाही मरत," जीवन म्हणाला. "आपन गेल्याशिवाय नाही मरत थो. गेममधले अशे लोक थांबते. सहा वर्षांनी गेलं तरी तसाच खाटेवर राहीन, 'लवकर ये'च म्हनीन. गेलं, दोन गोष्टी केल्या, की मंग मरते." त्याने लॅपटॉप मिटला. "दूध संपलं. घेऊन येतो."

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. नितेश थोडा वेळ उगाच मोबाइल चाळत बसला. मग त्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आत्या, मी गम्मत करतो, पन मले माहीत हाये थो काहून जात नाही. श्रावणकाका गेले न, त्या दिवशी आमी हाच गेम खेळून राहिलो होतो. याच म्हाताऱ्याकडे चाललो होतो. मधातच तुमचा फोन आला."

मंजुषाने पाय जवळ घेतले.

"तुमी म्हनलं, दादाची तब्येत जरा जास्त हाये, ये. अन् म्हनलं, जेवून निंग. आता जेवून निंग म्हनलं, तर याले वाटलं, जेवाले टाइम हाये म्हनजे तेवढं काही नाही. काकाले दमा तर होताच, दर हिवाळ्यात व्हायचं. हा म्हने, एवढं गाव येऊ दे, गेम सेव्ह करतो, अन् निंगतो. गाव काही लवकर आलं नाही. मंग जेवला. मंग स्टँडवर गेला तर गाडी डोळ्यासमोरून गेली. दुसरी भेटली तिचं टायर मूर्तिजापूरच्या अलीकडे बसलं. घरी पोचला तर सारे म्हने, आत्ताच गेले, तुही वाट पाहून पाहून गेले." नितेशने मान खाली घातली. "थो कोनाले सांगत नाही. मलेही एकदाच सांगितलं, तापात. मी तुमच्यापाशी बोललो, असं नका सांगजा त्याले."

"नाही सांगत," मंजुषा म्हणाली.

आवाज तिचाच होता. स्थिर. या आवाजासाठी ती सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती.

प्रत्येक घरात मयतीच्या वेळी ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं. कोणी बांबू आणतो, कोणी लाकडाचं पाहतो, कोणी रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत बसते. मंजुषाचं काम फोन. मेलेल्या माणसाची बातमी बाहेरगावच्या पोराला, लेकीला जशीच्या तशी द्यायची नसते. तो वाटेत कुठे कोसळला तर? गाडी ठोकली तर? म्हणून सांगायचं, तब्येत जरा जास्त आहे, तू ये. हे सगळेच सांगतात. पण सगळ्यांना ते जमत नाही. कोणाचा घसा भरून येतो, कोणाच्या मागे बायांचा गलका ऐकू जातो. मंजुषा फोन घेऊन मळ्याच्या विहिरीपाशी जायची, एकदा खाकरायची आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात बोलायची. शेवटी न चुकता म्हणायची, दोन घास खाऊन निघ. कारण तिला ठाऊक असायचं, की येणारा इथे पोचला की माती होईपर्यंत त्याच्या पोटात अन्न जाणार नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही. उपाशी पोराने बापाला खांदा कसा द्यायचा? लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. आणि खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला आवडायचं.

श्रावणदादा शेवंतीला पाणी सोडता सोडता बांधावर बसला होता, तो बसल्या जागीच गेला. माणसांनी त्याला घरी आणून जमिनीवर घेतला, वहिनीने, सत्यवतीने, हंबरडा फोडला, आबाजी दाराच्या चौकटीला धरून नुसतेच उभे राहिले, आणि मग अकोल्याहून धावत आलेल्या मंजुषाच्या हातात कोणीतरी फोन दिला. पोराला सांग. ती विहिरीपाशी गेली. एकोणीस वर्षांचा पोरगा, एकटा, परगावी. ती नेहमीसारखंच बोलली. फक्त त्या दिवशी एक वाक्य जास्तीचं तोंडून गेलं. पोरगा म्हणाला, "आत्या, परवा परीक्षा हाये, मंगळवारी येऊ का?" तेव्हा ती घाईने म्हणाली, "नाही बाप्पा, आजच ये. तुहीच आठवन काढून राहिले."

संध्याकाळी पोरगा आला. बायकोचं बोलणं खोटं पडू नये म्हणून सहदेवच पुढे झाला आणि म्हणाला, आत्ताच गेले रे. मग तेच सगळ्यांनी धरलं. तेरवी झाली की सांगू, असं ठरलं. तेरवीला पाहुणे होते. पुढे वर्षश्राद्धाला सांगू म्हटलं, तर पोराचा चेहरा पाहून कोणाची जीभ उचलली नाही. सांगायची वेळ एकदा हुकली की पुढे ते काढायला निमित्त लागतं, आणि चांगल्या दिवशी तसलं निमित्त कोण शोधेल? बरं, पोरगा काही विचारतही नव्हता. दिवाळीला यायचा, दोन दिवस झोपून काढायचा, जायचा. सत्यवती म्हणायची, शहराचं वारं लागलं. इंजिनियरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हाही ती तेच म्हणाली.

आणि पोरगा सहा वर्षं अमरावतीत या खोलीत बसून, घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालला होता. जेवला म्हणून.

जीवन दूध घेऊन वर आला. मंजुषाने ठरवलं, आता सांगायचं. नितेश आहे तर नितेशसमोर. तिने खाकरून घसा मोकळा केला.

"जीवन."

"हां आत्या."

"च्यात साखर कमीच टाक माह्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी सावरत खिडकीपाशी बसली होती. जीवन कामावर निघायच्या तयारीत होता. नितेशने पोहे केले होते, जरा फडफडीतच, पण पोट्ट्यांच्या मानाने बरे. फोन वाजला. सत्यवतीचा.

"बाई, डोळा कसा हाये?"

"बरा हाये वैनी. परवा पट्टी काढतो म्हने."

"बाई, आबाजीची तब्येत जरा जास्त हाये," सत्यवती म्हणाली. "तुमी या आजच. जीवनले घेऊन या. तुमचीच आठवन काढून राहिले."

मंजुषाने फोन कानाशी नीट धरला. सत्यवतीच्या मागे काहीच आवाज नव्हता. सकाळच्या वेळी त्या घरात कोंबड्या असतात, पंप असतो, फुलं तोडायला आलेल्या बाया असतात. एवढी शांतता म्हणजे वहिनी फोन घेऊन घरापासून लांब आली होती.

"आबाजीले देता का फोन?"

"झोपले हायेत आत्ताच. तुमी या न आधी." मग जरा थांबून, पाठ केलेलं शेवटचं वाक्य आठवावं तशी ती म्हणाली, "दोन घास खाऊन निंगजा, बाई."

फोन ठेवल्यावर मंजुषा पोह्यांच्या ताटलीकडे पाहत बसली. आजारी माणसाकडे धावत बोलवणारं कोणी जेवून या म्हणतं का? जो म्हणतो त्याला तिथली चूल ठाऊक असते. आयुष्यभर तिनेच हे वाक्य वाटलं होतं, आणि घेणाऱ्याच्या हातात ते कसं लागतं हे तिला आज कळत होतं. पण मन मोठं लबाड. ते म्हणालं, कशावरून? वहिनीला बोलायची रीत ती एकच ठाऊक. खरंच तब्येत जास्त असेल. खरंच झोपले असतील. नव्वदीकडे झुकलेला माणूस झोपतोच की सकाळचा.

"काय झालं आत्या?"

"आबाजीची तब्येत..." ती म्हणाली. "बोलावलं हाये आपल्याले."

जीवनच्या तोंडावरचा रंग गेला. त्याने मालकाला फोन करून दुकानाची जुनी व्हॅन मागितली आणि पायात बूट घातले, फीत न बांधताच.

"दोन घास खाऊन घे," मंजुषा म्हणाली. तोंडातून निघून गेलं. तिला स्वतःच्या जिभेची चीड आली.

"नाही," जीवन म्हणाला. ताटलीकडे त्याने पाहिलंही नाही. "मांगच्या वेळेस जेवलो होतो मी."

बडनेरा मागे पडलं आणि चौपदरी रस्ता लागला. पूर्वी या रस्त्यावर एस.टी. खड्डे मोजत जायची, माणसं अकोल्यापर्यंत अर्धी जुनी होऊन उतरायची. आता गुळगुळीत. व्हॅनच्या मागे फ्लेक्सच्या लोखंडी चौकटी खडखडत होत्या, आणि जीवनने पाय दाबून धरला होता. मंजुषाने पदर डोक्यावरून पुढे ओढून पट्टीवर धरला. काच खाली जात होती पण वर येत नव्हती, असली ती गाडी.

"हळू चाल जीवन."

"हळूच हाये."

ते हळू नव्हतं. एक ट्रक डाव्या बाजूने मागे पडला, दुसरा उजव्या. दोन्हीकडे तुरीची काळी-हिरवी शेतं, बांधावरची बाभूळ, कुठे उभं राहून हात दाखवणारं माणूस, सगळं एकमेकांत मिसळून पळत होतं. कुठलं गाव गेलं ते पाटी वाचायच्या आत जात होतं. मंजुषाला वाटलं, खड्डे हवे होते. फाटक बंद हवं होतं. पोचूच नये. जोवर पोचत नाही तोवर आबाजी दारातल्या खाटेवर बसून पानाला चुना लावताहेत. पोरगा म्हणतो ते काही खोटं नाही. आपण गेल्याशिवाय तो म्हातारा मरत नाही.

"तुह्या गेमसारखाच झाला न रे हा रोड," ती म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो. बोट ठेवलं की अकोला." जीवनने हॉर्न दाबला. "पन वेळ जातेच आत्या. आपल्याले दिसत नाही. आपन इथी बसून राहिलो, अन् तिकडं आबाजी..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग एकदम म्हणाला, "कसा श्वास घेत होते बाबा? शेवटी? लय तरास झाला का?"

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने काही विचारलं होतं.

"नाही," मंजुषा म्हणाली. हे तरी खरं होतं. "तरास नाही झाला."

"माहं नाव घेतलं होतं?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. वारा उघड्या डोळ्यात जात होता. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. सहदेव. तिचा नवरा फोनवर नेहमी नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा ओरडून बोलतो. आज एवढ्या खालच्या आवाजात बोलला की तिला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"कुठी आले?"

"मूर्तिजापूर येईन आता. आबाजी कसे हायेत?"

"हायेत... या तुमी. हळू या. पोराले म्हना, हळू चालव."

बत्तीस वर्षांच्या संसारात सहदेव कोणालाही हळू या म्हणाला नव्हता. मंजुषाने फोन मांडीवर उलटा ठेवला. मनाला आता कुठली फट उरली नव्हती.

"काय म्हने मामाजी?"

"हळू या म्हने."

"म्हनजे टाइम हाये?" जीवनने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत असं काही होतं की तिला पट्टीखालच्या डोळ्यातही टोचलं. "नाही आत्या. मी नाही आयकत आता. मांगच्या वेळी असंच आयकलं."

त्याने पाय आणखी दाबला. पुढे कापसाने फुगलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता, अर्धा रस्ता अडवून. जीवनने हॉर्न देत व्हॅन त्याच्या बाजूने काढली, आणि नेमका त्याच वेळी समोरून, चुकीच्या बाजूने, दुधाच्या कॅन लटकवलेली एक मोटारसायकल आली. माणसाचं तोंड मंजुषाला स्पष्ट दिसलं. उघडं, काहीतरी ओरडणारं. व्हॅन एका अंगावर झाली, ब्रेक किंचाळले, मागच्या चौकटी सुटून काचेवर आदळल्या, आणि मोटारसायकल आरशाला घासून निघून गेली. कॅनचं झाकण रस्त्यावर गरगरत राहिलं.

"अबे मराचं हाये का बे!" मागून ट्रॅक्टरवाला ओरडला.

जीवनने पुन्हा गिअर टाकला.

"गाडी बाजूले घे," मंजुषा म्हणाली.

"काही नाही झालं आत्या. टाइम नाही हाये आपल्याजोळ..."

"बाजूले घे म्हनलं न."

हा तिचा फोनवरचा आवाज नव्हता. जीवनने निमूटपणे व्हॅन कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उतरत नव्हता, व्हॅन उभ्या जागी हुंकारत होती.

मंजुषाने हात पुढे करून किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. मग एक ट्रक गेला, मग दुसरा. प्रत्येक ट्रकबरोबर व्हॅन थोडी हलायची.

ती मनात बोलायला लागली आणि थांबली. हे एकदा तोंडातून गेलं की आबाजी गेले. आत्तापर्यंत ते कोणीच म्हटलेलं नव्हतं. वहिनी नाही, सहदेव नाही. म्हणायचं तिनेच होतं, आणि म्हणून झाल्यावर पुढच्या वाटेवर तिला बाप उरणार नव्हता. अर्धा तास तरी मिळाला असता. गाव येईपर्यंतचा. तिने शेजारी पाहिलं. भाच्याच्या कानशिलावर दोन केस पांढरे झाले होते. पंचविशीत.

"घाई नको करू," ती म्हणाली. "आबाजी गेले."

"कोनं सांगितलं? मामाजीनं?"

"कोनी नाही सांगितलं."

"मंग? माय तर म्हने, तब्येत..."

"तुही माय काय म्हने ते मले माहीत हाये. तब्येत जास्त हाये म्हने, आठवन काढून राहिले म्हने, अन् जेवून निंगजा म्हने." तिचा आवाज फाटला, तिने तो तसाच जाऊ दिला. "तिले कोनं शिकवलं थे? अशे फोन मीच करतो न, जीवन."

जीवन समोर पाहत होता. रस्ता मोकळा होता, तरी तो काहीतरी येताना पाहावं तसा पाहत होता. मंजुषाला दिसलं, तो मागे चालला आहे. एकेक करत, स्टँडवर सुटलेल्या गाडीपाशी, जेवणाच्या ताटापाशी, न आलेल्या त्या गावापाशी, फोन वाजला तिथवर. तिथे तो उभा राहिला, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारायला तयार नव्हता. त्याने किल्लीकडे हात नेला. एवढ्यावर भागलं असतं. दोघं गप्प बसून गावी पोचले असते, आणि पुढच्या दिवाळीला तो पुन्हा दोन दिवस झोपून गेला असता.

तिने त्याचा हात किल्लीवरच धरला.

"मी विहिरीपाशी जाऊन तुले फोन लावला न, तवा तुहा बाप गेलेला होता. घरात जमिनीवर घेऊन ठेवला होता त्याले. तू त्याच घडीले निंगाला असता, उडून आला असता, तरी थो गेलेलाच होता. कोनी नाव नव्हतं घेतलं, बाप्पा. कोनी तुही वाट नव्हतं पाहून राहिलं."